हरणासाठीं कोणती गोळी?



ज्यानें जन्मभर मुलांना त्रैराशिक शिकविलें, त्या मास्तरानें पिस्तुलाच्या गोळीविषयीं बोलावें, हें कित्येकांस विसंगत वाटेल. परंतु एकच प्रश्न मला एका महिन्यांत दोन ठिकाणांहून आला. अमेरिकेंतील ओहायो राज्यांत नोकरीस असलेल्या माझ्या भाच्यानें विचारलें, “मामा, येथें माझे सोबती पिस्तुलानें हरणाची शिकार करतात व मलाही बोलावतात. किती व्यासाचें पिस्तुल घ्यावें हें मला कळत नाहीं. गणित तुमचें, तेव्हां तुम्हीच सांगा.” दुसरा प्रश्न आमच्या धनजच्या एका शेतकऱ्याचा. हा माझा जुना विद्यार्थी. काळविटांनीं त्याच्या तुरीचे शेंडे खुडून खाल्ले होते. तो म्हणाला, “गुरुजी, एखादें लहानसें पिस्तुल मिळालें, तर जागलीला बरें पडेल काय?” प्रश्न एक असला, तरी उत्तरें दोन आहेत. तीं आज क्रमानें पाहूं.

प्रथम आंकड्यांचा घोटाळा दूर करूं. आपल्याकडे ‘बारा बोअर’ म्हणतात आणि ‘बत्तीस बोअर’ही म्हणतात. ऐकणारास वाटतें कीं, बत्तीसची नळी बाराच्या नळीहून मोठी असावी. वस्तुस्थिति उलट आहे. बारा बोअर हा मोजणीचा आंकडा आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळींत नेमकी बसेल, ती नळी बारा बोअरची. तिचा आंतील व्यास सुमारें १८.५ मिलिमीटर असतो. सोळा बोअरची नळी अर्थातच तिच्याहून लहान. बत्तीस बोअरच्या रिव्हॉल्वरांत मात्र बत्तीस म्हणजे इंचाचे शतांश, म्हणजे सुमारें आठ मिलिमीटर. एकाच शब्दाखालीं दोन निरनिराळीं मापें लपलेलीं आहेत, हें आधीं ध्यानांत ठेवावें.

दुसरा घोटाळा याहून मोठा आहे. व्यास म्हणजे बळ, अशी पुष्कळांची समजूत असते. ०.२२ इंचाच्या साध्या काडतुसाची गोळी आणि ०.२२३ या नांवाच्या रायफलीची गोळी यांच्या व्यासांत नांव घेण्यासारखा फरक नाहीं. परंतु पहिलीचा जोर सुमारें १४० ज्यूल, तर दुसरीचा सुमारें १,७०० ज्यूल भरतो. शंभर ग्रॅमचें वजन एक मीटर उंच उचलण्यास जें श्रम पडतात, तो साधारण एक ज्यूल. हें अंतर कां पडतें? गोळीचें वजन दुप्पट केलें तर जोर दुप्पट होतो, पण वेग दुप्पट केला तर जोर चौपट होतो. वेग येतो काडतुसांतील दारूपासून आणि ती दारू पुरती जळण्यास मिळणाऱ्या नळीच्या लांबीपासून. पिस्तुलाची उणीव येथेंच आहे. त्याची नळी आंखूड असते.

आतां प्रत्यक्ष आंकडे घेऊं. गोळीचें वजन ग्रेनांत मोजतात. आपली एक गुंज म्हणजे जवळ जवळ दोन ग्रेन. आपल्या देशांत परवानाधारकांजवळ आढळणाऱ्या ०.३२ च्या रिव्हॉल्वरची गोळी ९८ ग्रेनांची असते. तिचा वेग सेकंदास सुमारें २१५ मीटर आणि जोर दीडशें ज्यूलांच्या आंत. व्यास एवढा वाढूनही ती ०.२२ च्या गोळीच्या फारशी पुढें गेली नाहीं. १९३५ सालीं निघालेलें ०.३५७ मॅग्नम घेतलें, तर १५८ ग्रेनांची गोळी सेकंदास ३८० मीटर वेगानें जाते आणि जोर सुमारें ७४० ज्यूल होतो. १९५५ सालच्या ०.४४ मॅग्नमची गोळी २४० ग्रेनांची. तिचा जोर सुमारें १,३०० ज्यूल. आणि इशापूरच्या सरकारी कारखान्यांतील ०.३१५ ची शिकारी रायफल घेतली, तर आंकडा तीन हजारांच्या घरांत जातो. म्हणजे पिस्तुलांतला हा पहिलवानदेखील साध्या रायफलीच्या निम्म्यासही पोहोंचत नाहीं.

हरणासाठीं निदान १,३५० ज्यूल जोर असावा, असा अमेरिकन शिकाऱ्यांचा एक जुना आडाखा आहे. तो शास्त्राचा नियम नव्हे. गोळी जनावरास ढकलून पाडते, ही समजूतही खोटी आहे. तसें असतें, तर तितक्याच धक्क्यानें बार काढणाराही आडवा झाला असता. गोळी मारते ती हृदय वा फुप्फुसें फाडून. रक्त वाहून जातें, मेंदूस पोंचत नाहीं, आणि जनावर कोसळतें. रायफलीची अतिवेगवान गोळी वाटेवरील आजूबाजूचें मांसही फाडते. पिस्तुलाची मंद गोळी बहुधा ज्याला स्पर्श करील तेवढेंच फाडते. म्हणून पिस्तुलाच्या गोळीस पुरेसें वजन, पुरेसा व्यास आणि छाती आरपार भेदण्याची शक्ति हीं तिन्ही लागतात. त्यांतलें एक कमी पडलें, तर हरीण मरत नाहीं, जखमी होऊन पळतें.

ओहायोच्या नियमामागें हाच विचार दिसतो. तेथें हरणाच्या शिकारीसाठीं पिस्तुलाची नळी निदान ५ इंच लांब आणि काडतूस ०.३५७ किंवा त्याहून मोठें असावें लागतें. तेव्हां भाच्यास मीं लिहिलें तें असें: ०.३५७ ही कायद्याची खालची पायरी आहे, ती अगदीं जवळच्या अंतरापुरती समज. ०.४४ अधिक भरंवशाचें, पण त्याचा धक्का नवशिक्यास सोसत नाहीं, आणि धक्क्याच्या भीतीनें चाप ओढतांना हात हलतो. हात हलला कीं वरचें सगळें गणित व्यर्थ. हरणाच्या छातींतील मर्मस्थान साधारण वीतभर व्यासाचें असतें. वीतभर कागदाचें वर्तुळ टांगून नेम धरावा. ज्या अंतरावरून प्रत्येक गोळी त्यांत बसते, तेवढीच आपली मर्यादा. नवशिक्याची ही मर्यादा पिस्तुलानें पन्नास मीटरांच्या बरीच अलीकडे संपते. तेवढें साधत नसेल, तर परवाना काढून, तेथील शिक्षणक्रम पुरा करून, लांब नळीची बंदूक खांद्यास लावावी, अथवा सोबत्यांना नम्रपणें नकार द्यावा.

आतां धनजचा प्रश्न. आमचें गांव कारंजा तालुक्यांतलें, आणि याच तालुक्यांत कारंजा-सोहोळ हें काळविटांचें अभयारण्य आहे. तें २००० सालीं घोषित झालें. त्याचें क्षेत्र अठरा चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे. काळविटाला त्याची हद्द वाचतां येत नाहीं. तें तुरींत, सोयाबीनमध्यें, हरभऱ्यांत शिरतें, आणि रात्रभर जागलेला कुणबी सकाळीं मोकळें तास पाहतो. त्याचा राग मला समजतो.

परंतु कायदा स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत आरंभीं परवान्यानें शिकारीस वाट होती. ती १९९१ च्या दुरुस्तीनें बंद झाली. काळवीट पहिल्या परिशिष्टांत आहे. तें मनुष्याच्या जिवास धोकादायक झालें किंवा बरें न होण्याइतकें पंगु वा रोगी असलें, तरच मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी आदेशानें मारतां येतें. पीक खाल्लें हें कारण तेथें चालत नाहीं. अपराधास तीन ते सात वर्षें कैद आणि निदान २५,००० रुपये दंड आहे. रोही व रानडुक्कर दुसऱ्या परिशिष्टांत आहेत. त्यांच्या बाबतींत पिकाचें नुकसान हें कारण ग्राह्य होतें, पण तेंही अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीनेंच.

आणि पिस्तुलाविषयीं? १९५९ च्या शस्त्र कायद्यानें पीकरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीची तरतूद केली आहे. तेवढ्यानें भागत नसेल, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देतां येते. त्या कलमांत पिस्तुलाचें नांव नाहीं, आणि तें योग्यच आहे. ०.२२ ची इवलीशी गोळीसुद्धां दीड किलोमीटरांपलीकडे जाऊं शकते. अंधारांत चुकलेला बार शेजारच्या माळ्यावर जागलीला बसलेल्या माणसाला शोधीत जातो.

कांहीं वर्षांपूर्वीं एका सकाळीं तुरीच्या शेतांत मीं एक काळवीट पाहिलें. कोणीतरी लहान गोळीनें त्याचें पोट फोडलें होतें. तें उठूं पाहत होतें, पण मागचे पाय उचलत नव्हते. वनरक्षक येईपर्यंत आम्ही चारजण तेथें उभे होतों. पाणी पुढें केलें, तें त्यानें घेतलें नाहीं. गोळी झाडणारा कोण तें कधींच कळलें नाहीं. त्याचें पीक वांचलें नाहीं, एवढें मात्र ठाऊक आहे, कारण बाकीचा कळप तिसऱ्या रात्रीं परत आला.

माझ्या विद्यार्थ्यास मीं सांगितलें कीं, पिस्तुलाचा विचार सोड. नुकसान दिसतांच वनखात्याकडे अर्ज दे, पंचनामा करवून घे, आणि भरपाई पदरांत पडेपर्यंत पाठ सोडूं नकोस. शेजाऱ्यांनीं मिळून कुंपण घाला, जागलीच्या पाळ्या लावा. तो म्हणाला, “गुरुजी, पंचनाम्याला फेऱ्या फार पडतात.” पडतात खऱ्या. म्हणून त्याचा अर्ज मीच लिहून दिला आहे, आणि पुढच्या फेरीस त्याच्याबरोबर मीही जाणार आहें.