घरचं गॅरेज (भाग ८) : शॉकअपला दोष देण्याआधी

गेल्या आठवड्यात आपण लहान मुलांच्या क्वाड बाइकचे ब्रेक आणि थ्रॉटलला मर्यादा घालणारा स्क्रू पाहिला. या वेळी पाळी पुढच्या चाकांची. ‘गाडी एका बाजूला ओढते’, ‘हँडल थरथरतं’, ‘खड्ड्यात गेली की हातातून निसटते’ या तीन तक्रारी घेऊन आलेला पालक बहुतेक वेळा मनात एक निदान पक्कं करूनच येतो : शॉकअप गेले, नवे टाका. नवे शॉकअप बसतात, पैसे जातात आणि गाडी पुन्हा तशीच ओढते. कारण दोष अनेकदा त्याआधीच्या साध्या गोष्टींत असतो. म्हणून तपासणीचा क्रम ठरलेला हवा : आधी हवा, मग ढिलेपणा, मग चाकांची दिशा आणि सर्वांत शेवटी स्प्रिंग.

हवेपासून सुरुवात करायला कारण आहे. होंडाने १९७० साली अमेरिकेत आणलेल्या तीनचाकी एटीव्हीला स्प्रिंग नव्हत्याच. धक्के झेलायचं काम फुगीर टायरच करत. आजच्या चारचाकी गाडीतही ते काम थोडंफार टायरकडेच आहे. मुलांच्या क्वाडमध्ये हवा साधारण ३ ते ५ पीएसआय इतकीच असते. नेमका आकडा टायरच्या बाजूवर किंवा गाडीच्या माहितीपुस्तिकेत मिळेल. पेट्रोल पंपावर स्कूटरसारखी २५ पीएसआय भरून आणली, तर टायर दगड होतो आणि प्रत्येक खडा थेट हँडलवर येतो. कमी दाबाचा वेगळा गेज घ्या आणि हवा सायकलच्या हातपंपाने भरा.

मागचे टायरही याच वेळी पाहा. बहुतेक छोट्या क्वाडचा मागचा एक्सल अखंड असतो, त्यात डिफरन्शियल नसतो. दोन्ही मागची चाकं एकाच गतीने फिरतात. त्यामुळे एका टायरमध्ये हवा कमी असेल, तर त्याचा घेर लहान पडतो आणि गाडी त्याच बाजूला वळत राहते. दोष मागे असतो आणि आपण पुढचे नट फिरवत बसतो. शिंप्याची टेप दोन्ही मागच्या टायरांभोवती गुंडाळून घेर मोजा. वळणावर गाडी सरळ जाऊ पाहते, हेही याच अखंड एक्सलमुळे. तो बिघाड नव्हे. मुलाला अंग आतल्या बाजूला झुकवायला शिकवायचं असतं.

आता ढिलेपणा. गाडीचा पुढचा भाग भक्कम ठोकळ्यावर चढवून चाकं अधांतरी करा आणि एकाला हँडल घट्ट धरायला सांगा. चाक डाव्या-उजव्या कडांना धरून हलवा. इथे ‘कट-कट’ जाणवली, तर संशय टाय रॉडच्या टोकांवर. मग चाक वर आणि खाली धरून हलवा. इथे प्ले असेल, तर व्हील बेअरिंग, किंग पिन किंवा आर्मचा बुश यांपैकी काहीतरी झिजलेलं आहे. नेमकं काय, ते ओळखायची सोपी युक्ती अशी : पुढचा ब्रेक दाबून धरा आणि चाक पुन्हा हलवा. प्ले नाहीसा झाला, तर बेअरिंग. तसाच राहिला, तर किंग पिन किंवा बुश.

स्वस्त गाड्यांत आर्मचे बुश बऱ्याचदा प्लास्टिकचे असतात. अलिबाग-नागावसारख्या किनाऱ्यावरची वाळू आणि खारं पाणी आत शिरलं की भोक लांबट होतं आणि आर्म बोल्टवर डुलायला लागतो. तयार बुश मिळाला नाही, तर लेथवाल्याकडून नायलॉनचा किंवा गनमेटलचा करून घ्या. झिजलेला बोल्टही त्याच वेळी बदला, नाहीतर नवा बुश लवकर खराब होईल. कॅसल नट परत बसवताना स्प्लिट पिन दर वेळी नवी वापरा.

हँडलचा उभा दांडा ज्या क्लॅम्पमध्ये फिरतो, तो ढिला असेल तर हँडल डगमगतं आणि जास्त आवळला तर जड होतं. चाकं अधांतरी असताना हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सहज फिरलं पाहिजे. मग गाडी न्यूट्रलमध्ये सुरू करून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. इंजिनाचा आवाज वाढला, तर थ्रॉटलची केबल ताणली जातेय. ती मोकळी केल्याशिवाय मुलाला बसवू नका.

एवढं झाल्यावर टो-इन. पुढची चाकं समोरच्या टोकाला किंचित आत वळलेली हवीत. बहुतेक छोट्या गाड्यांना ३ ते ६ मिलिमीटर पुरतात. ती बाहेर वळलेली असतील, तर गाडी जराशा धक्क्याने दिशा बदलते. हँडल सरळ बांधा आणि सीटवर मुलाच्या वजनाइतकं पोतं ठेवा, कारण गाडी दबली की टाय रॉडचा कोन बदलतो आणि चाकांची दिशाही. टायरच्या मध्यावर, एक्सलच्या उंचीला, समोरून खडूची खूण करून दोन खुणांमधलं अंतर मोजा. गाडी अर्धा फेरा पुढे ढकला, खुणा मागे आल्या की पुन्हा मोजा. समोरचं माप तेवढंच कमी यायला हवं. फरक काढायचा असेल, तर लॉक नट ढिले करून दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवा. एका टोकाला उलटे आटे असतात, त्यामुळे तिथला नट उलट्या बाजूने सुटतो. जोर लावण्याआधी आटे पाहून घ्या.

स्प्रिंगची पाळी आता. मूल बसल्यावर पुढचा भाग एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश खाली यावा. हललाच नाही, तर स्प्रिंग कडक आहे आणि चाकं खडबडीत जमिनीवर उड्या मारतील. जवळपास तळाला टेकला, तर नरम आहे. शॉकअपवरची रिंग एकेक खाच फिरवा, दोन्हीकडे सारखीच. हाताने दाबून सोडल्यावर गाडी झुलतच राहिली किंवा दांड्यावर तेल दिसलं, तरच नवे शॉकअप घ्या.

वाकलेला टाय रॉड किंवा तडकलेला आर्म ठोकून, वेल्डिंग करून परत लावू नका, सरळ बदला. दुरुस्तीनंतर पहिली फेरी मोकळ्या मैदानात, हेल्मेट घालून, कमी वेगात. सार्वजनिक रस्त्यावर ही गाडी कधीच नाही. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना तर १६ वर्षांखालच्या मुलांनी एटीव्ही चालवूच नये असं सांगते. तरीही चालवू द्यायचं ठरवलं असेल, तर दर वेळी गाडी सुरू करण्याआधी चाकं हलवून पाहणं ही पालकाचीच जबाबदारी आहे.

पुढच्या आठवड्यात : चेन, स्प्रॉकेट आणि मागचा एक्सल.