अभिजात आरेखन व तैलरंगचित्रण

वास्तवदर्शी चित्रकलेच्या शिक्षणाची एक क्रमबद्ध पद्धती. यूरोपीय कला-अकादमींत ती विकसित झाली व एकोणिसाव्या शतकात मुंबईमार्गे महाराष्ट्रात रुजली. आरेखन पक्के झाल्यावाचून रंगाला हात घालावयाचा नाही, हे तिचे मूलसूत्र. वस्तूविषयीची आपली समजूत बाजूस ठेवून ती प्रत्यक्षात जशी दिसते तशी रेखाटावयास शिकविणे, हा तिचा उद्देश होय.

आरेखन : विद्यार्थी प्रथम नमुनाचित्रांवरून रेषा, नंतर घन, गोल, शंकू आदी आकार, त्यापुढे प्लॅस्टरचे पुतळे व अखेरीस जिवंत व्यक्ती रेखाटतो. हात ताठ ठेवून पेन्सिलीने प्रमाणे मोजतात; उभ्या रेषेतील बिंदू ओळंब्याने पडताळतात. मग कोळशाने उजळ भाग, मध्यछटा, छाया, परावर्तित प्रकाश व पडछाया दाखवितात. पुतळा पांढरा असल्याने रंगभेदाचा अडथळा येत नाही व छटांची पारख नीट होते.

मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये (स्थापना १८५७) ही पद्धती प्रचलित झाली. तिचा कस वर्गाबाहेर लागला तो अंबरनाथ येथे. वालधुनी नदीकाठच्या शिवमंदिराची (शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०) मोजमापांसह रेखाटने व शिल्पांचे साचे करण्याचे काम १८६८ मध्ये जॉर्ज टेरी यांच्या मार्गदर्शनाखाली या शाळेच्या विद्यार्थ्यांनी केले. झिजलेल्या शिल्पाचे आरेखन करताना कोणता खळगा छिन्नीचा व कोणता पावसाचा, हे प्रत्येक रेषेगणिक ठरवावे लागते. म्हणून असे आरेखन ही केवळ नक्कल नसते; ती एक तपासणीच असते.

तैलरंग : ताणलेल्या कापडावर सरसाचा हात देऊन त्यावर पांढरे अस्तर चढवितात. अस्तरावर आरेखन उतरवून एकाच रंगाच्या पातळ छटांत छायाप्रकाश मांडतात व मग रंगाचे थर देतात. जवसाच्या तेलात घोटलेला रंग पाण्यासारखा उडून सुकत नाही. तेल हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते. त्यामुळे वरच्या थरात तेलाचे प्रमाण खालच्यापेक्षा अधिक ठेवावे लागते. अन्यथा वरचा थर आधी कडक होऊन त्यास भेगा पडतात. पारदर्शक रंगाचे पातळ लेप शेवटी देतात. व्हार्निश काही महिन्यांनंतरच लावणे इष्ट असते. कोकणच्या दमट पावसाळ्यात सरस ओलावा धरतो, कापड सैल पडते व बुरशी येते; म्हणून चित्राची मागील बाजू भिंतीला टेकू न देता हवा खेळती ठेवतात.

जॉन ग्रिफिथ्स व त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगातील प्रतिकृती केल्या. त्यांपैकी बऱ्याच प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्झिंग्टन संग्रहालयाच्या आगीत नष्ट झाल्या. तथापि या कामातून भारतीय रेषेचा परिचय झालेली विद्यार्थ्यांची पिढी तयार झाली. याच शाळेत शिकलेले व पुढे तेथेच अध्यापन केलेले म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) यांनी अकादमिक आरेखनाच्या बळावर मराठी लोकजीवन व इतिहास चित्रित केला. ही पद्धती परकीय असून तीमुळे कल्पनाशक्ती खुंटते, असा आक्षेप बंगालमधील पुनरुज्जीवनवाद्यांनी घेतला. केवळ नमुने गिरविण्यावर थांबलेल्या वर्गांपुरता तो रास्त आहे. पण निरीक्षणाच्या शिस्तीस तो लागू पडत नाही.

या शिस्तीची पहिली पायरी आजही शालेय वयात लाभते. राज्याच्या कला संचालनालयाच्या (स्थापना १९६५) एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांत स्थिरचित्रण हा विषय असतो. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या सलग नागरी पट्ट्यातील विद्यार्थ्याला तर अभ्यासासाठी शिवमंदिराची भिंत जवळच उपलब्ध आहे. तिचा दगड दर पावसाळ्यात झिजत आहे; त्यामुळे तेथे बसून केलेले काळजीपूर्वक आरेखन हा अभ्यासही ठरतो आणि नोंदही.