चष्म्याचा मोठा नंबर आणि डोळ्यातील रक्तवाहिन्या



वसतिगृहातील मुलाला फळ्यावरचे दिसत नाही म्हणून आपण चष्मा देतो. मूल वाचू लागते आणि आपले काम झाले असे वाटते. पण मायनस नंबर मोठा असेल, तर काम तिथे संपत नाही.

लांबचे धूसर दिसण्याला निकटदृष्टिदोष म्हणतात. यात बहुधा डोळा पुढून मागे जास्त लांब वाढलेला असतो. मोठ्या माणसाचा डोळा साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. मोठ्या नंबरात ही लांबी अनेकदा २६ मिलिमीटरच्या पुढे जाते. फुगा फुगवला की रबर पातळ होते, तसा डोळ्याचा मागचा भाग ताणून पातळ होतो.

नेमका तिथेच, पडद्याच्या मागे, रक्तवाहिन्यांनी भरलेला कोरॉइड नावाचा थर असतो. डोळ्याचे बहुतेक रक्त त्यातूनच वाहते. आपण वाचतो, चेहरे ओळखतो ते पडद्याच्या मध्यबिंदूने. त्याला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. त्याचे पोषण या थरातूनच होते. थर पातळ झाला की रक्तपुरवठा कमी पडतो. कधी पडद्याखाली भेगा पडतात आणि तिथे नव्या, कमकुवत रक्तवाहिन्या वाढतात. त्यांतून रक्त पाझरले तर मधली नजर जाऊ शकते. वेळेवर डोळ्यात इंजेक्शन दिले, तर पुष्कळांची नजर वाचते.

चष्म्याने स्पष्ट दिसते, पण लांबलेला डोळा आखूड होत नाही. म्हणून उणे ६ किंवा त्याहून मोठा नंबर असलेल्यांनी दरवर्षी, औषधाचे थेंब घालून, पडद्याची तपासणी करून घ्यावी. पुढील लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे:

• सरळ रेघ वाकडी दिसणे
• नजरेच्या मधोमध काळा डाग येणे
• अचानक चमका किंवा पुष्कळ काळे ठिपके दिसणे
• एका बाजूने सावली सरकत येणे

लहान मुलांना रोज दोन तास बाहेर उजेडात खेळू द्यावे. त्याने नंबर लागण्याचा धोका कमी होतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेतच नजर तपासतात. त्या दिवशी मूल गैरहजर राहू नये, एवढे पालकांना जरूर सांगावे.

पाड्यावरून जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत जायचे म्हणजे आईवडिलांची एक दिवसाची मजुरी बुडते. त्यामुळे दुसरी तपासणी राहून जाते. आपण एखाद्या मुलाच्या चष्म्याचा खर्च उचलणार असाल, तर पुढच्या वर्षीच्या तपासणीचे आणि प्रवासाचे पैसेही त्यात धरावेत, ही विनंती.