रिमोटवरचा ससा

ससा तसा मुका प्राणी. आयुष्यभर त्याचा आवाज ऐकू येत नाही. पण एकदा का कोणाच्या दातांत सापडला, की त्या एवढ्याशा गळ्यातून तान्ह्या बाळाने टाहो फोडावा तसा आवाज निघतो. चिरका, थरथरता, मध्येच दम लागून तुटणारा आणि पुन्हा उसळणारा. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या उघड्या माळांवर हिवाळ्यातल्या पहाटे हा आकांत पुष्कळदा ऐकू येतो, आणि पुष्कळदा तिथे ससा नसतो. एखाद्या झुडपाच्या बुंध्याशी हातात उचलून नेता येईल एवढी प्लॅस्टिकची पेटी असते. तिच्या तोंडाला भोंगा आणि पोटात शेकडो आवाज. पन्नास-साठ पावलांवर गवताच्या रंगाचे कपडे घातलेला एक माणूस मांडीवर बंदूक आणि हातात रिमोट घेऊन बसलेला असतो.

तो वाट पाहत असतो कायोटीची. कोल्ह्याहून थोराड आणि लांडग्याहून लहान असा हा अमेरिकेतला रानकुत्र्याच्या कुळातला प्राणी. वजन साधारण दहा ते वीस किलो, पाय लांब, नाक तिखट, आणि डोके त्याहून तिखट. मेंढपाळ, गुरे पाळणारे आणि सरकार यांचे त्याच्याशी शंभराहून अधिक वर्षे वैर आहे. त्याच वैरातून हे यंत्र मोठे झाले.

आवाज काढून जनावर जवळ आणण्याची युक्ती मात्र फार जुनी आहे. आपल्याकडच्या शिकारकथांत हाकारे डबे बडवत जनावर उठवतात आणि मचाणाकडे ढकलतात. इथे नेमके उलटे घडते. जनावर स्वतःच्या मर्जीने येते, कारण त्याला वाटते की आपल्या फायद्याचे काहीतरी चालले आहे. जिम कॉर्बेटने शारदा नदीकाठच्या ठाकच्या नरभक्षक वाघिणीला 30 नोव्हेंबर 1938 च्या संध्याकाळी असेच बोलावले होते. ती जोडीदाराच्या शोधात डरकाळ्या देत होती, आणि कॉर्बेटने स्वतःच्या गळ्यातून वाघासारखी साद घालून तिला उत्तर दिले. या प्रसंगात वाघीण थेट आवाजाकडे आली, म्हणजे कॉर्बेटकडेच आली, हे विसरता येत नाही. ज्याने हाक मारली तोच आमिष होता. उजेड संपत आलेला, आणि नेम चुकला असता तर दुसरी संधी कोणाला मिळाली असती ते सांगायला नको.

रिमोटने नेमकी हीच गोष्ट बदलली. आवाज एका जागी राहिला आणि माणूस दुसऱ्या जागी गेला.

टेक्सासमधल्या मार्बल फॉल्स गावचे मरी आणि विन्स्टन बर्नहॅम हे दोघे भाऊ 1950 च्या दशकात तोंडाने फुंकायच्या शिट्ट्या विकत. आत पातळ पाते असलेली नळी फुंकली की ससा ओरडल्याचा भास होई. ती फुंकणे ही कलाच होती. दम किती सोडायचा, हाताचा पंजा नळीपुढे कधी उघडायचा आणि कधी मिटायचा, हे शिकण्यात हिवाळे जात. पुढे टेक्सासमधल्याच वेको शहरातल्या जॉनी स्टुअर्टने खऱ्या प्राण्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून त्यांच्या तबकड्या विकायला काढल्या. शिकारी रानात फोनोग्राफ घेऊन जाऊ लागले. नंतर कॅसेटी आल्या आणि त्यांच्यासोबत लांब वायरीच्या टोकाला जोडलेला भोंगा आला. काट्याकुट्यातून ती वायर अंथरायची आणि अंधारात पुन्हा गुंडाळायची, हा मोठाच ताप होता. डिजिटल चिप आणि रेडिओ रिमोट आल्यावर वायर गेली. आज या धंद्यात पेनसिल्व्हेनियातल्या लुईसटाउनच्या फॉक्सप्रो कंपनीचे नाव सर्रास घेतले जाते.

पेटी विकत घेऊन बटण दाबले की कायोटी येतो, असा समज असणारे पुष्कळ असतात. ते रिकाम्या हातांनी परत जातात. मांडणीतली पहिली बाब म्हणजे वारा. कायोटी आवाजाच्या रोखाने येतो खरा, पण शेवटच्या टप्प्यात कानांवर विश्वास ठेवत नाही. तो वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो आणि ओरडणाऱ्याचा वास घेतो. वास सशाचा नसला की संपले. म्हणून वारा डावीकडून उजवीकडे वाहत असेल तर पेटी आपल्या समोर आणि बरीच डावीकडे ठेवतात. मग कायोटीचा वळसा आपल्या पुढ्यातल्या मोकळ्या पट्ट्यातून जातो, आणि माणसाचा वास जिथून वाहतो त्या रेषेपर्यंत पोचण्याआधीच तो नेमाच्या टप्प्यात येतो. सूर्य पाठीशी हवा, म्हणजे जनावराच्या डोळ्यांवर ऊन येते. गाडी टेकाडामागे लपवायची, दार आपटायचे नाही, आणि टेकाडाच्या माथ्यावरून आभाळाच्या पार्श्वभूमीवर उभे दिसेल असे चालत यायचे नाही. पुष्कळांची शिकार पेटी सुरू होण्याआधी, गाडीच्या दारापाशीच संपलेली असते.

भोंगा जमिनीवर ठेवला तर गवत वरच्या पट्टीतले सूर खाऊन टाकते, आणि सशाच्या ओरडण्यात जीव असतो तो त्या वरच्या सुरांतच. म्हणून तो फांदीवर किंवा दगडावर थोडा उंच ठेवतात. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो, आणि वरचे सूर हवेत आणखी लवकर विरतात. त्यामुळे नवशिका सुरुवातीलाच आवाज शेवटपर्यंत चढवतो. जाणता तसे करत नाही. शंभर मीटरवरच्या ओघळीत कायोटी झोपलेला असला तर त्या दणक्याने तो पळूनच जाईल. सुरुवात हळू, दोन-तीन मिनिटे, मग शांतता, मग थोडे वर. पंधरा-वीस मिनिटांत काही हालचाल नसेल तर जागा बदलायची. बॉबकॅट नावाचे तिथले रानमांजर मात्र सावकाश येते. त्याच्यासाठी अर्धा तास आणि वर बसावे लागते. पेटीशेजारी पुष्कळ जण एक छोटी मोटर लावतात. तिच्या तारेच्या टोकाचा केसाळ गोंडा वेडावाकडा फिरत राहतो. कान जिथे वळले तिथेच डोळेही अडकून राहावेत आणि माणसाच्या बोटाची हालचाल दिसू नये, एवढाच त्याचा उपयोग. थंडीत बॅटऱ्या लवकर बसतात, आणि मध्ये टेकाड किंवा ओले झुडूप आले की रिमोटचा संदेश अडतो. म्हणून बसल्यावर सर्वांत आधी बटण दाबून पेटी ऐकते की नाही हे पाहायचे.

ऋतूप्रमाणे आवाज बदलतात. जानेवारी-फेब्रुवारीत कायोटींच्या जोड्या जमतात, तेव्हा सशापेक्षा दुसऱ्या कायोटीची साद जास्त चालते. आपल्या हद्दीत कोण परका आला म्हणून जोडी चवताळून येते. मे-जूनमध्ये बिळात पिल्ले असतात, आणि तेव्हा पेटीतून केकाटणारे पिल्लू वाजवतात. आई-बाप दोघेही धावत येतात, वाऱ्याचा वळसासुद्धा घेत नाहीत. यंत्र बनवणाऱ्यांनी यात आणखी एक सोय केली आहे. फॉक्सप्रोच्या काही पेट्यांत गोळीचा बार ओळखून आवाज आपोआप बदलण्याची व्यवस्था असते. पहिला कायोटी पडला की त्याच क्षणी पेटी पिल्लाचे केकाटणे सुरू करते, म्हणजे पळू लागलेला दुसरा थांबून मागे वळतो. कारागिरी म्हणून ही बारीक बुद्धी आहे. पण यंत्राने इथे भुकेला नव्हे, मायेला गळ लावला आहे, आणि मला तरी या दोन गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत.

एवढे करून कायोटी कमी झाले का? कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गाय कॉनली आणि विल्यम लाँगहर्स्ट यांनी 1975 मध्ये एक गणिती आराखडा मांडला. दरवर्षी 75 टक्के कायोटी मारले तरी त्यांचा समूळ नायनाट व्हायला सुमारे 50 वर्षे लागतील, असे त्यातून निघाले. कारण साधे आहे. एरवी टोळीत मुख्य जोडीच विते. ती मेली की बाकीच्या माद्या विऊ लागतात, पिल्लांना पोटभर मिळते आणि ती जगतात. मूळचा गवताळ मैदानांचा आणि वाळवंटी भागांचा हा प्राणी आज अलास्कापासून पनामापर्यंत पोचला आहे. शिकागोत 2000 सालापासून स्टॅन्ली गर्ट आणि त्यांचे सहकारी कायोटींच्या गळ्यात रेडिओपट्टे बांधून त्यांचा अभ्यास करत आहेत. गगनचुंबी इमारतींच्या सावलीत, रेल्वेच्या कडेने हे प्राणी आपले संसार करतात. शेळ्यामेंढ्यांच्या एखाद्या कुरणाचे एका हंगामापुरते रक्षण करायला पेटीचा उपयोग होतो, यात शंका नाही. देशभरचा कायोटी तिच्यामुळे हटला, असे कोणी म्हणू शकत नाही.

वर कायोटी शिकतोही. कारखान्यात भरलेला तोच ससा, त्याच श्वासावर तुटणारा, दहा शिकाऱ्यांच्या पेट्यांतून ऐकला आणि शेजारचा सोबती पडताना पाहिला, की वाचलेला पुन्हा त्या आवाजाला येत नाही. मग शिकारी नवे आवाज विकत घेतात: उंदराची चूंचूं, सुतारपक्ष्याचा आकांत, कोंबडीचा कलकलाट. जुनेजाणते तर पेटी गाडीत ठेवून परत तोंडाची नळी बाहेर काढतात. दोन माणसे एकसारखी फुंकत नाहीत, हा तिचा जुना दोष आता गुण ठरला आहे.

कायद्याकडे आले की या यंत्राची खरी गंमत कळते. अमेरिकेत संघराज्याच्या नियमांनुसार बदके, हंस अशा स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत ध्वनिमुद्रित किंवा विजेवर वाढवलेल्या हाकेला बंदी आहे. तोंडाने फुंकायची नळी चालते. रानटर्की आणि हरणासाठीही अनेक राज्यांत ही पेटी चालत नाही. 1887 मध्ये थिओडोर रूझवेल्टने स्थापन केलेला बून अँड क्रॉकेट क्लब शिकारीच्या नोंदी ठेवतो. जनावर आकर्षित करायला इलेक्ट्रॉनिक साधन वापरले असेल तर ती शिकार तो धर्माची मानत नाही. कायोटीच्या बाबतीत मात्र बहुतेक राज्ये हात मोकळा सोडतात. यंत्र तेच, सावजाची फसगत तीच. ज्याला आपण खेळातला प्रतिस्पर्धी मानतो त्याच्याशी धर्मयुद्ध, आणि ज्याला उपद्रव ठरवले त्याच्याशी काहीही.

हिमहंसाची गोष्ट या हिशेबाला छेद देते. उत्तर अमेरिकेच्या मध्य भागातून जाणारे हे पांढरे हंस 1960 च्या दशकाच्या अखेरीस दहा लाखांच्या आत होते. दक्षिणेतल्या भात, मका, गव्हाच्या शेतांनी त्यांना हिवाळाभर पोसले आणि नव्वदच्या दशकात त्यांची संख्या कितीतरी पट झाली. कॅनडात हडसन उपसागराच्या काठी, चर्चिल गावाजवळ ते गवत मुळासकट उपटून खात. उघडी पडलेली जमीन खारट होऊन तिथे पुन्हा काही उगवेना. तेव्हा 1999 मध्ये अमेरिकेने या हंसांपुरती पेटीवरची बंदी खास हंगामात उठवली आणि मारायच्या संख्येची मर्यादाही काढली. कालपर्यंत ज्याच्यासाठी हे साधन अधर्म होते, तोच पक्षी आकडा वाढताच उपद्रवाच्या खात्यात गेला. पहिल्या दशकात तरी हंस वाढतच राहिले.

युरोपने सरसकट रेघ ओढली आहे. युरोपीय संघाच्या पक्षी निर्देशात बंदी घातलेल्या साधनांच्या यादीत फासे आणि चिकटे यांच्या जोडीला टेपरेकॉर्डर आहे. तरी सायप्रसमध्ये शरद ऋतूत रात्रभर भोंगे वाजतात. काळ्या टोपीचा ब्लॅककॅप नावाचा चिमुकला वटवट्या आफ्रिकेकडे जाताना अंधारात खाली उतरावा म्हणून त्याच्याच जातभाईंचे गाणे लावतात आणि पहाटे जाळ्यात धरतात. 'आंबेलोपूलिया' नावाचे बेकायदा पक्वान्न त्याचेच. ब्रिटिश लष्करी तळाच्या हद्दीतल्या केप पायला भागात तर हे पक्षी उतरावेत म्हणून शिकाऱ्यांनी बाभळीच्या जातीची झाडे लावली होती.

भारतात प्रश्नच मिटलेला आहे असे वाटेल. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत मारणे, पकडणे, फासे लावणे, हाकून काढणे, आमिष दाखवणे आणि यांतले काहीही करू पाहणे हे सगळे येते. 1991 च्या दुरुस्तीने हौशी शिकारीची दारे पुरती बंद झाली. पाळीव तित्तिराच्या सादेवर रानातले तित्तीर फाशात घेणाऱ्या फासेपारध्यांची परंपरागत विद्याही त्यामुळे गुन्हा ठरली. पण माणूस इथे आणि आवाज तिथे ही मांडणी आपल्याकडे दुसऱ्या वाटेने आली आहे, आणि तिच्या हातात बंदूक नाही.

पावसाळ्याच्या तोंडाला कोकणात आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी नवरंग येतो. एरवी झाडीच्या सावलीत लपणारा हा पक्षी आपल्या हद्दीत परका नवरंग शीळ घालतो आहे असे वाटले की उघड्यावर येऊन छाती काढून गातो. म्हणून कोणी झुडपात ब्लूटूथचा डबा ठेवतो, वीस पावलांवर कॅमेरा लावून बसतो आणि मोबाइलवरून तीच शीळ पुन्हापुन्हा वाजवतो. फोटो मिळतो, समाजमाध्यमांवर जातो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच झुडपापाशी दुसरा डबा येतो. घरटे बांधायच्या आणि अंडी उबवायच्या दिवसांत तो नर नसलेल्या शत्रूशी भांडत बसतो.

आवाज लावण्याचे काम अभ्यासकही करतात. रानपिंगळा हे छोटे घुबड 1884 नंतर कोणाला खात्रीने मिळाले नव्हते. ते 1997 मध्ये आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पॅमेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना पुन्हा दिसले. अशा लपून राहणाऱ्या घुबडांची मोजणी करताना ध्वनिमुद्रित हाक लावून उत्तर येते का हे ऐकावे लागते. पण तिथे हाक किती सेकंद, किती वेळा, किती अंतरावर हे आधी ठरलेले असते, आणि उत्तर आले की डबा बंद होतो. फोटोवाल्याच्या डब्याला अशी मर्यादा कोणी घालून दिलेली नाही. राखीव जंगलात वनरक्षक हटकतो. गावच्या माळावर, खाजगी बागेत, रस्त्याकडेच्या राईत हटकणारा कोणी नसतो. शिकारीच्या पेटीला निदान कुठे हंगाम असतो, कुठे परवाना असतो आणि कोणत्या जनावरासाठी चालेल याची यादी असते. नवरंगाच्या शिळेला यांतले एकही लागत नाही.