‘उचलणार नाही’ म्हणण्याचा अधिकार

पुलाच्या, मेट्रोच्या किंवा एमआयडीसीतल्या एखाद्या मोठ्या कामावर क्रेन आली की आधी तिची फाईल पाहिली जाते: चाचणीचा दाखला, सक्षम व्यक्तीची सही, विमा, ऑपरेटरचा परवाना. हे सगळं हवंच. 1948 च्या कारखाने अधिनियमाचं 29 वं कलम क्रेन, साखळ्या आणि दोर यांची बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी मागत होतं, सुरक्षित भारमर्यादा यंत्रावर ठळक लिहायला लावत होतं, आणि धावत्या क्रेनच्या रुळाजवळ माणूस कामाला असेल तर क्रेन त्याच्या सहा मीटरच्या आत येऊ नये, अशी सक्त ताकीद देत होतं. बांधकामासाठी 1996 चा वेगळा कायदा झाला, 1998 मध्ये त्याचे केंद्रीय नियम आले, आणि 2020 च्या कामगार संहितेने हे कायदे आपल्या पोटात घेतले. नियमांचा दुष्काळ आपल्याकडे नाही. पण या नियमांची नजर लोखंडावर जितकी खिळलेली आहे, तितकी एका साध्या प्रश्नावर नाही: हा भार आत्ता, या जागी उचलायचा नाही असं म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि तो वापरला तर त्याच्या रोजीरोटीचं काय होतं? क्रेनच्या सुरक्षिततेचा खरा कस इथे लागतो, असं माझं मत आहे.

कारण दाखला यंत्राचा असतो, आणि अपघात त्या विशिष्ट उचलीत होतो. ‘पन्नास टनी क्रेन’ म्हटलं की ती पन्नास टन उचलते असं आपण धरून चालतो. ती उचलतेही, पण साधारण तीन मीटर त्रिज्येवर, म्हणजे भार जवळजवळ यंत्राला खेटून असताना. बूम लांबवून तोच भार वीस-पंचवीस मीटर पलीकडे न्यायचा झाला तर ही क्षमता जेमतेम काही टनांवर येते, कारण क्रेनला उलथवणारा जोर नुसत्या वजनाचा नसून वजन गुणिले अंतराचा असतो. भार जमिनीवरून सुटला की बूम किंचित वाकतो आणि अंतर आणखी वाढतं. हूक-ब्लॉक, शॅकल, स्लिंग यांचं वजनही भारातच धरायचं असतं, हे घाईत सहज विसरलं जातं. मग पायाखालची जमीन. कालच बुजवलेला पाइपलाइनचा चर वरून सपाट आणि घट्ट दिसतो. आउटरिगरचा एक पाय नेमका त्यावर टेकला आणि खाली पुरेशा रुंदीचे स्लीपर नसले, तर क्रेन कितीही नवी असली तरी कलते. त्या चराबद्दल वार्षिक दाखल्यात काय लिहिलेलं असणार?

स्लिंगचं गणित तर याहून फसवं आहे. दहा टनांचा भार दोन पायांच्या स्लिंगने उचलायचा आहे असं समजा. दोन्ही पाय सरळ उभे असतील तर प्रत्येकावर पाच टन येतात. ते फाकून आडव्या रेषेशी साठ अंशांचा कोन झाला की प्रत्येक पायावर सुमारे 5.8 टन, पंचेचाळीस अंशांवर 7.1 टन, आणि तीस अंशांवर पूर्ण दहा टन. म्हणजे भार तोच, स्लिंग तीच, तिच्यावरचा शिक्काही खरा. केवळ लांब स्लिंग हाताशी नव्हती म्हणून आखूड लावली आणि ताण दुप्पट झाला. हे कळण्याची शेवटची संधी असते ती भार जमिनीपासून वीतभर उचलून थांबवतात तेव्हा. तो थांबा घेणारा, कोन नजरेने ताडणारा आणि ‘खाली घ्या, स्लिंग बदला’ म्हणणारा माणूस तिथे नसेल, तर बाकी सगळी तपासणी त्या क्षणी निरुपयोगी ठरते.

मोठ्या अपघातांकडे या नजरेने पाहिलं तर तेच दिसतं. 14 जुलै 1999 रोजी अमेरिकेत मिलवॉकीच्या बेसबॉल स्टेडियमवर ‘बिग ब्लू’ नावाची अजस्र क्रेन 450 टनांहून जड असा छताचा भाग उचलत असताना कोसळली आणि दुसऱ्या क्रेनच्या पाळण्यात असलेले तीन कामगार ठार झाले. वाऱ्याचा क्रेनवर होणारा परिणाम हिशेबात घेतला होता. शिडासारख्या पसरलेल्या त्या छतावर होणारा परिणाम घेतला नव्हता. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, हे शाळेतलं विज्ञान. न्यूयॉर्कमध्ये 15 मार्च 2008 ला टॉवर क्रेन कोसळून सात जण गेले. तिथे सुमारे पाच टनांची पोलादी कॉलर पॉलिस्टरच्या पट्ट्यांवर टांगली होती आणि त्या तुटल्या. आपल्याकडे 1 ऑगस्ट 2020 रोजी विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डमध्ये क्रेनची चाचणी चालू असतानाच ती पडली आणि अकरा जण मेले. बरोबर तीन वर्षांनी, 31 जुलै आणि 1 ऑगस्ट 2023 च्या मधल्या रात्री, शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर लाँचर कोसळून वीस कामगारांचा बळी गेला. या दोन्ही ठिकाणी लोखंड का पडलं हा तांत्रिक चौकशीचा विषय आहे. पण ते पडलं तेव्हा इतकी माणसं त्याच्या टप्प्यात का होती, हा प्रश्न कोणत्याही चाचणी-दाखल्याने सुटत नाही. कोण कुठे उभं राहणार, हे उचल सुरू होण्याआधी कोणीतरी ठरवायचं असतं, आणि ते पाळलं जात नसेल तर काम थांबवायचं असतं.

आता हा थांबवणारा माणूस आपल्या साइटवर शोधून पाहा. रस्त्यावर सगळ्यांनी पाहिलेली हायड्रा घ्या. बूमला भार लटकवून ही गाडी तशीच चालत निघते; पुढे झुलणाऱ्या भाराने चालकाची दृष्टी अडते, आणि भार झुलू नये म्हणून हेल्पर तो हाताने धरून शेजारून चालतो. टॅगलाइन म्हणजे लांब दोरी लावून दूर राहायचं असतं, हे दोघांनाही ठाऊक असतं. पण हायड्रा भाड्याची, चालक भाड्याने देणाऱ्याचा नोकर, हेल्पर लेबर कंत्राटदाराचा, आणि हुकूम सोडणारा तिसऱ्याच कंपनीचा इंजिनिअर. चालकाने ‘दोरी आणा, मगच हलवतो’ म्हटलं तर भाड्याचे तास वाया जातात, मालकाला फोन जातो आणि दुसऱ्या दिवशी दुसरा चालक येतो. या साखळीत नकाराची किंमत सगळ्यांत कमी पगाराच्या माणसाच्या माथी मारलेली आहे.

कायदा इथे अर्ध्यावर थांबतो. भोपाळनंतर, 1987 च्या दुरुस्तीने, कारखाने अधिनियमात 41-एच हे कलम आलं: जीवाला लगेच धोका दिसला तर कामगाराने तो व्यवस्थापनाच्या कानावर घालावा. तेही धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांपुरतं. 2020 च्या संहितेने हा हक्क अधिक कामगारांपर्यंत नेला, पण तिथेही भर आहे तो धोका कळवण्यावर. अमेरिकेचा 2010 चा क्रेन-नियम वेगळं बोलतो. सुरक्षिततेबद्दल शंका आली तर भार हाताळायला नकार देण्याचा अधिकार ऑपरेटरला आहे, आणि पात्र व्यक्तीने खात्री करेपर्यंत तो टिकतो. ‘थांबा’ची खूण कोणीही केली तरी ती पाळायलाच हवी. (या नियमावर समितीचं एकमत 2004 मध्येच झालं होतं. तो यायला आणखी सहा वर्षं लागली, तेव्हा दिरंगाई ही आपली एकट्याची मक्तेदारी नव्हे.) आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1981 चा 155 क्रमांकाचा करारही गंभीर धोक्यातून बाजूला होणाऱ्या कामगाराला त्याबद्दल भुर्दंड पडू नये, असं सांगतो.

यावर कंत्राटदार म्हणतील, आमचे ऑपरेटर फारसे शिकलेले नाहीत, त्यांच्या हाती असा अधिकार दिला तर अडवणूक सुरू होईल. पण नकार म्हणजे अंतिम निकाल नव्हे. जाणकार माणूस येऊन पाहीपर्यंतचा तो थांबा आहे. थांबून ऑपरेटरच्या पदरात काही पडत नाही. क्वचित कोणी गैरफायदा घेईलही, त्याचं नुकसान काही तासांच्या भाड्याइतकं. शिवाय ज्याच्या समजुतीवर भरवसा नाही, त्याच्या हाती पन्नास टनांचा लिव्हर कसा देता? दुसरा आक्षेप अधिक दमदार आहे: नव्या क्रेनमध्ये भार मर्यादेपलीकडे गेला की भोंगा वाजतो, यंत्रणा स्वतःच थांबते, मग माणसाच्या मर्जीवर का विसंबायचं? ही साधनं जरूर हवीत. पण त्यांना वजन, बूमची लांबी आणि कोन कळतो. चर, जीर्ण स्लिंग, वरून गेलेली विजेची तार किंवा भाराखालून निघालेला माणूस कळत नाही. आणि यंत्रणा बंद ठेवायची बायपास किल्ली शेवटी माणसाच्याच हातात असते. रोजच्या शेकडो उचलींसाठी जाणकार आणायचा कुठून, ही तक्रार मात्र रास्त आहे. ब्रिटनच्या 1998 च्या नियमांनी प्रत्येक उचलीचं नियोजन सक्षम व्यक्तीकडून मागितलं, पण नित्याच्या उचलींना एकच ठरलेली योजना चालते. वेगळा विचार अवघड उचलीसाठी राखून ठेवायचा.

हे बदलायला संसदेची वाट पाहायची गरज नाही, कारण नकाराची किंमत भाडेकरारात ठरते. राज्यातली मोठी कामं सार्वजनिक संस्थांच्या निविदांवर चालतात, आणि कामाला उशीर झाला तर दंड किती हे त्या निविदांमध्ये लिहिलेलं असतं. त्याच कागदावर आणखी दोन अटी बसतात: सुरक्षेच्या कारणाने थांबलेल्या तासांचं क्रेनचं भाडं पूर्ण दिलं जाईल, आणि नकार देणाऱ्या ऑपरेटरला सुरक्षा अधिकाऱ्याने लेखी कारण दिल्याशिवाय कामावरून हलवता येणार नाही.