गुरुजींना किती दिवस द्यायचे?

एरवी या पानावर आम्ही बेणे, खत आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. या वेळी थोडी वाट वाकडी करून फुटबॉलविषयी लिहीत आहोत. कारण असे की, मूलच्या आमच्या गट कार्यालयाच्या ओसरीवर मध्यंतरी जो वाद झाला तो करणारे सारे आपलेच सभासद व त्यांची मुले होती, आणि ज्या संघावरून वाद झाला त्याच्या बुटांना व चेंडूंना वर्गणीही आपल्याच सभासदांनी दिलेली आहे. तेव्हा त्याचा हिशेब सर्वांपुढे ठेवणे बरे.

वाद कसा पेटला

बाजाराचा दिवस होता. नोंदीच्या कामासाठी आलेली मंडळी चहा घेत बसली होती. बोलता बोलता गोष्ट निघाली ती भारताच्या संघाची. 14 ऑक्टोबर 2025 रोजी गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर, सिंगापूरने आपल्याला 2-1 असे हरवले आणि 2027 च्या आशियाई चषकाचा आपला रस्ता बंद झाला. ऑगस्ट 2025 मध्ये खालिद जमील यांची राष्ट्रीय प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली होती. बऱ्याच वर्षांनी या जागेवर भारतीय माणूस आला म्हणून सगळे खूश होते. सप्टेंबरात मध्य आशियातील स्पर्धेत ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक मिळाला तेव्हा त्यांची वाहवा झाली. महिनाभराने सिंगापूरशी हरलो, तर लगेच "काढा याले" सुरू!

नागपूरला शिकणारा एका सभासदाचा मुलगा म्हणाला, "काका, आधीच्या प्रशिक्षकाच्या वेळी बांगलादेशाशी बरोबरी झाली, हाँगकाँगशी हरलो. घर पडतच होतं. नव्या माणसाले दोन महिन्यांत भिंती उभ्या करता येतात का?"

त्यावर उमा नदीकाठचे एक जुने सभासद उसळले. "ते दिल्लीचं राहू दे गा. आपल्या गुरुजीचं सांग. दोन वर्षं झाली. दोन सामने जिंकले. बल्लारपूरच्या मैदानावर पाच गोल खाऊन आले पोट्टे. वर्गणी देणाऱ्यानं अजून किती थांबाचं?"

झाले! दिल्ली राहिली बाजूला आणि वाद आपल्या घरात आला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे गुरुजी म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे शिक्षक. मानधन घेत नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी संघ हाती घेतला तेव्हा सरावाला न येता थेट सामन्याला उभे राहणारे मोठे गडी त्यांनी घरी बसवले आणि पंधरा-सोळा वर्षांची पोरे मैदानात उतरवली. तेव्हापासून हार चालू आहे. विरोधकांचे म्हणणे असे की, नागपूरकडचा एक प्रशिक्षक यायला तयार आहे. तो आपल्यासोबत चार-पाच तयार खेळाडू आणील, पैसे घेईल, पण करंडक देईल.

ओसरीवर सरळ दोन तट पडले. "साहेब, तुमीच सांगा जी" असे म्हणून दोन्ही बाजू आमच्याकडे वळल्या. आम्ही त्या दिवशी निकाल दिला नाही. आठ दिवसांची मुदत मागितली.

मुंबईने सोडले, आयझॉलने उचलले

त्या आठ दिवसांत आम्ही जी माहिती काढली तीत खालिद जमील यांचाच पूर्वीचा इतिहास मोठा बोधप्रद निघाला. हे गृहस्थ मुंबईच्या महिंद्रा युनायटेड संघातून खेळलेले. 2009 ते 2016 अशी सात वर्षे ते मुंबई एफ.सी. या संघाचे प्रशिक्षक होते. पैसा बेताचा, नामवंत खेळाडू नाहीत, मैदान कूपरेजचे. संघ करंडक जिंकत नसे, पण आय-लीगमधून खालीही घसरत नसे. पाहणाऱ्यांना त्यांचा खेळ रुचत नसे. आधी गोल होऊ द्यायचा नाही, मग संधी मिळाली तर करायचा, अशी ती पद्धत. अखेर 2016 साली संघाने त्यांची साथ सोडली.

त्याच वर्षी मिझोरमचा आयझॉल हा लहान संघ आय-लीगमधून खाली गेला होता. गोव्याच्या काही संघांनी स्पर्धेतून अंग काढून घेतल्याने त्याला पुन्हा प्रवेश मिळाला. या संघाने खालिद जमील यांना बोलावले. जयेश राणे, आशुतोष मेहता असे मुंबईत त्यांच्या हाताखाली खेळलेले गडीही तिकडे गेले. पुढे काय झाले? 2016-17 च्या हंगामात 18 सामन्यांत 37 गुण मिळवून आयझॉल विजेता ठरला. कोलकात्याचा बलाढ्य मोहन बागान 36 गुणांवर, एका गुणाने मागे राहिला. आणि मुंबई एफ.सी.? त्याच हंगामात तो शेवटच्या क्रमांकावर गेला. त्यानंतर तो संघ आय-लीगमध्ये दिसला नाही.

मुंबईकरांनी सात वर्षे मशागत केली आणि पीक निघाले आयझॉलला, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

परंतु ही गोष्ट आम्ही पुढच्या बैठकीत सांगितली तेव्हा उमाकाठच्या सभासदांनी बरोबर खोट काढली. ते म्हणाले, "म्हणजे साहेब, नव्या जागी गेला तं एका वर्षात जिंकला ना? मंग आपण दोन वर्षं कायले थांबलो? माणूस पक्का असला तं एका हंगामात दाखवते."

आम्ही निरुत्तर झालो, हे कबूल केले पाहिजे. बोलणे खोटे नव्हते. मात्र घरी जाऊन विचार करता ध्यानात आले की, आयझॉलचे ते एक वर्ष नुसते एक वर्ष नव्हते. थोड्या साधनांत संघ कसा उभा करायचा, हे त्या माणसाने मुंबईत सात वर्षे घासून शिकलेले होते, आणि काही पोरे तर तिथून घडवूनच सोबत नेली होती.

दहा गोलांनंतरचा रहीम

दुसरे उदाहरण जुने आहे. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शिक्षक. 2024 साली आलेला 'मैदान' हा चित्रपट त्यांच्यावरच आहे, आपल्यापैकी पुष्कळांनी तो पाहिला असेल. 1951 साली त्यांच्या हाताखाली भारताने दिल्लीतील आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवले. आणि पुढच्याच वर्षी, 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, युगोस्लाव्हियाने आपल्याला 10-1 असे हरवले. आपले काही खेळाडू अनवाणी खेळत होते. दहा गोल! बल्लारपूरच्या पाच गोलांची दुप्पट, आणि तेही जगापुढे.

त्या दिवशी रहीम यांना कायमचे घरी पाठवले असते तर कोणी दोष दिला नसता. पण हरण्याचे कारण शोधले गेले. बूट सक्तीचे झाले, खेळाची मांडणी बदलली. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांच्याच संघाने ऑस्ट्रेलियाला 4-2 असे हरवले. मुंबईत खेळणारा, मूळचा गोव्याचा नेव्हिल डिसोझा याने त्या सामन्यात तीन गोल केले. भारत चौथा आला. 1962 साली जकार्ता येथे दक्षिण कोरियाला 2-1 असे नमवून पुन्हा सुवर्णपदक मिळाले. रहीम तेव्हा कर्करोगाने आजारी होते. पुढच्याच वर्षी ते गेले.

यातून आम्ही एवढेच घेतले की, दहा गोल खाल्ले हे महत्त्वाचे नाही, त्यानंतर काय बदलले हे महत्त्वाचे.

धीर म्हणजे डोळे मिटणे नव्हे

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही गुरुजींचे वकील ठरू. सुरू उसाला बारा महिने लागतात, आडसालीला सोळा ते अठरा. सहाव्या महिन्यात कोणी वजनाचा काटा घेऊन शेतात जात नाही. पण म्हणून तोवर बांधावर झोपूनही राहत नाही. लागणीनंतर महिना-दीड महिन्यात उगवण कळते. डोळे उगवलेच नाहीत तर "थांबा, येईल" म्हणून चालत नाही, नांग्या भराव्याच लागतात. पुढे फुटवे मोजावे लागतात. काटा शेवटी असला तरी मोजणी पहिल्यापासून असते.

आमच्या सभासदांच्या वादात हीच मोजणी नव्हती. एक बाजू फक्त काटा पाहत होती, म्हणजे गोल किती झाले ते. दुसरी बाजू काहीच न पाहता "धीर धरा" म्हणत होती. दोघेही मैदानावर सकाळी गेलेले नव्हते. आम्हीही गेलो नव्हतो!

म्हणून सलग चार दिवस पहाटे आम्ही मैदानावर गेलो. जे दिसले ते असे.

पहिली गोष्ट, हजेरी. पूर्वी सरावाला आठ-नऊ जण येत, आता बावीस पोरे येतात. त्यांतली तिघे जंगलकाठच्या गावांतली आहेत. वाघाच्या भीतीने अंधारात एकट्याने निघता येत नाही, म्हणून ती एकत्र सायकलीने येतात. दुसरी गोष्ट, दम. पूर्वी उत्तरार्धात संघ गळून जाई. आता शेवटपर्यंत पळतो, हे विरोधकांनीही मान्य केले. तिसरी गोष्ट मात्र वाईट. बल्लारपूरला जे पाच गोल झाले त्यांतले तीन कोपऱ्यातून मारलेल्या चेंडूवर झाले, हे पोरांनीच सांगितले. आणि चार दिवसांत कोपऱ्याच्या चेंडूचा सराव एकदाही झाला नाही. गोलरक्षकाकडे तर कोणाचेच लक्ष नव्हते.

आम्ही हे गुरुजींना एकीकडे नेऊन सांगितले. त्यांना राग येईल असे वाटले होते. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मी हे मोजलं नव्हतं, साहेब. पोरांना पळायला शिकवण्यात दोन वर्षं गेली." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "मला काढायचं तर काढा. फक्त ते भाड्याचे गडी आणू नका. ही पोरं बाहेर बसून बघतील आणि मग येणार नाहीत."

आमची जुनी चूक

हे ऐकून आम्हांला आमचीच एक गोष्ट आठवली. कृषी पदविकेला असताना आम्ही आमच्या संघाच्या प्रशिक्षकाविरुद्ध हात वर केला होता. एक हंगाम हरलो होतो, एवढेच कारण. नंतर दोन वर्षांत तीन प्रशिक्षक आले. प्रत्येकाने आधीच्याचे मोडून नवे मांडले. तिसरा गेला तेव्हा संघच उरला नव्हता, चेंडू कपाटात कुलपात राहिले. पहिल्या प्रशिक्षकांची आम्ही पुढे कधी गाठ घेतली नाही. लाज वाटली म्हणून.

काय ठरले

दुसऱ्या बैठकीला गुरुजी स्वतः आले होते. आम्ही वर लिहिलेली तिन्ही निरीक्षणे, चांगली आणि वाईट, सर्वांसमोर वाचून दाखवली. बरीच बोलाचाली झाली. शेवटी हात वर करून असे ठरले की, गुरुजींना आणखी एक पूर्ण हंगाम द्यावा. मात्र तो कोरा नसावा. दर महिन्याला दोन सभासदांनी मैदानावर जाऊन हजेरी पाहावी. कोपऱ्याच्या चेंडूवर होणारे गोल कमी झाले की नाही, ते वेगळे लिहून ठेवावे. गोलरक्षकाला शिकवण्यासाठी संघातून पूर्वी खेळलेल्या एका गड्याला गुरुजींनी सोबत घ्यावे. आणि प्रत्येक हरलेल्या सामन्यानंतर, काय चुकले हे गुरुजींनी वर्गणीदारांना स्वतः सांगावे. हंगाम संपल्यावर याच ओसरीवर पुन्हा बसावे. तेव्हा जो निर्णय होईल तो दोन्ही बाजूंनी मानावा. भाड्याचे खेळाडू आणायचे नाहीत, यावर मात्र जवळजवळ एकमत झाले.

ठराव सर्वानुमते झाला असे आम्ही लिहिणार नाही, कारण तो तसा झाला नाही. उमाकाठच्या सभासदांनी विरोधात हात वर केला आणि तो शेवटपर्यंत वरच ठेवला.

पहिल्या महिन्याच्या पाहणीला कोण जाणार, असे विचारले तेव्हा पहिले नाव त्यांनीच दिले. ते गेलेही. त्यांची वही आम्ही पाहिली. हजेरी बावीसच्या जागी एकोणीस लिहिली आहे, कारण धानकापणीमुळे तिघे आले नव्हते. कोपऱ्याच्या चेंडूचा सराव तीन दिवस झाल्याची नोंद आहे. पोरांसाठी त्यांनी घरून गूळ-शेंगदाणे नेले होते, हे वहीत नाही, पोरांनी सांगितले.

"मंग काका, आता पटलं का?" असे त्या नागपूरच्या पोराने त्यांना विचारले.

"अजून नाही पटलं," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यातही मीच जातो."

दुसऱ्या नावाची जागा अजून रिकामी आहे. ज्या सभासदांना पहाटे उठणे जमेल त्यांनी गट कार्यालयात नाव नोंदवावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी