ओवीतली मोकळी जागा

जुनं गाणं कानावर पडलं की माणूस मागे जातो, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. मागे कुठे जातो, हे मात्र गाण्यागणिक बदलतं. सिनेमातलं गाणं ऐकताना आठवतं ते गाण्याच्या बाहेरचं: ते जिथे वाजायचं तो पानठेला, एस.टी.चा प्रवास, लग्नातला लाउडस्पीकर. खुद्द त्या शब्दांना आपल्या वावराची, आपल्या माणसांची खबर नसते. वऱ्हाडातल्या जात्यावरच्या ओव्या, भुलाबाईची गाणी, खंजिरीवरची भजनं यांचं तसं नाही. ही म्हणायची गाणी आहेत आणि म्हणणाऱ्यांच्या आठवणी त्यांच्या आतच बसलेल्या असतात. अमरावती-अकोल्याकडे ही गाणी टिकावीत असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी हा फरक आधी ध्यानात घ्यायला हवा.

ओवीची घडणच पाहा. चाल ठरलेली, जात्याच्या फेऱ्याशी जुळलेली; शब्दांचा सांगाडाही बराचसा ठरलेला. पण भावाचं नाव, माहेराचं गाव, लेकाचं कौतुक यांची जागा मोकळी. दळणारी बाई तिथे आपल्या भावाचं नाव घालते, आपल्या गावाची वाट घालते, आणि हजार जणींनी म्हटलेली ओवी त्या पहाटेपुरती तिची एकटीची होते. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत राम-सीता आहेत, पंढरी आहे, न्यायला येणारा भाऊ आहे आणि बाबासाहेब आंबेडकरही आहेत. कुणी वरून न सांगता बाबासाहेब जात्यापाशी पोचले, कारण ओवीत नव्या माणसाला जागा होती. वऱ्हाडातल्या कुठल्याही आजीला दोन ओव्या म्हणायला सांगा. पहिल्या चार शब्दांत तिचं माहेर येईल. मग गाणं आठवण जागवतं म्हणायचं, की आठवणच गाणं होऊन बसली आहे असं म्हणायचं? मला दुसरं पटतं.

भुलाबाईचंही असंच आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मातीच्या भुलोबा-भुलाबाईसमोर, म्हणजे शंकर-पार्वतीसमोर, मुली टिपऱ्यांवर गाणी म्हणतात. शेवटच्या दिवशी ज्वारीच्या धांड्यांचा मखर करतात. ज्वारी तेव्हा शेतात उभीच असते. कॅलेंडर आणि शिवार एकमेकांना धरून चालतात. घरोघरी गाणी झाली की डब्यातला खाऊ ओळखायचा. एकच गाणं या गावात एका तऱ्हेनं, शेजारच्या गावात दुसऱ्या तऱ्हेनं म्हणतात, आणि दोन्ही गावांना आपलंच खरं वाटतं. या भांडणाचा मला आनंद वाटतो. ज्या गाण्यावरून भांडता येतं, ते अजून कुणाचं तरी आहे.

यावर कुणी म्हणेल, मग राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांचं काय? ती एका माणसानं रचलेली आहेत, शेवटी त्यांच्या नावाची मुद्रा आहे, शब्द बदलायची सोय नाही. तरी वऱ्हाडात त्यांच्याइतकं जिवंत काही नाही. आक्षेप रास्त आहे, आणि माझं म्हणणं तो अधिक नेमकं करतो. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत 1909 साली जन्मलेल्या तुकडोजींनी 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज उभारलं, आणि भजनाला गावाच्या सामुदायिक प्रार्थनेशी जोडलं. ओवीत नाव घालण्याची जागा असते; इथे धृपद उचलण्याची. खंजिरी एकाच्या हातात, पण आवाज साऱ्या गावाचा. श्रोता म्हणून तिथे कुणी उरतच नाही. ओवीचं जातं गेलं, म्हणून ओवी मागे पडली; प्रार्थना राहिली, म्हणून भजन राहिलं. आणि सिनेमा सरसकट परका, असंही नाही. अकोल्याच्या विठ्ठल वाघांची तिफनीवरची कविता ‘अरे संसार संसार’ या चित्रपटातून महाराष्ट्रभर गेली. वऱ्हाडी माणसाला ती आपली वाटते, कारण पेरणी त्यानं केलेली आहे. कष्ट त्याचे, शब्द फक्त वाघांचे.

दुसरा आक्षेप ध्वनिमुद्रणाचा: पिठाची गिरणी आली तेव्हाच ओव्या संपायच्या, त्या वाचल्या त्या टेपमुळे. हे खरंच आहे आणि त्या कामाचं मोल मोठं आहे. पण मुद्रण एक पाठ पक्का करतं. अमेरिकेत 1927 साली ब्रिस्टल गावी कार्टर कुटुंबाची गाणी ध्वनिमुद्रित झाली, तिथून तिकडचं ‘कंट्री’ संगीत घरोघर पोचलं. ए. पी. कार्टर डोंगराळ मुलखात फिरून लोकांकडून गाणी गोळा करत. रेकॉर्ड निघाली की पुढच्यांना तोच पाठ प्रमाण होई. टेप गाणं सांभाळते, मोकळी जागा भरायला मात्र माणूसच लागतो. ‘आजच्या मुलांना यात काय गोडी’ हा प्रश्नही तितका अवघड नाही. कॅरल क्रमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी 2013 साली दाखवलं, की विशीतल्या तरुणांच्या आठवणी आईवडिलांच्या तरुणपणच्या गाण्यांशीही जोडलेल्या असतात. ती गाणी घरात कानावर पडलेली असतात, एवढंच. आधी घरात म्हटलं तर पाहिजे.

सगळ्यात गंभीर आक्षेप मजकुराचा आहे. या गाण्यांत सासुरवास आहे, सासूची परवानगी आहे, माहेरासाठी झुरणं आहे. ते आजच्या मुलींच्या तोंडी कशाला? मला वाटतं, ते पुसलं तर ज्या बायकांना दुसरीकडे कुठेच बोलता आलं नाही त्यांची साक्ष आपण पुसू. सोसण्याचा गौरव करणं वेगळं आणि सोसलेलं नोंदवणं वेगळं, आणि ही गाणी बहुतेकदा दुसरं करतात. शिवाय नवं घालायची मुभा परंपरेनंच दिलेली आहे. शाळा आणि महिला मंडळं हल्ली भुलाबाईचे कार्यक्रम, स्पर्धा घेतात. तिथे सारख्या साड्या आणि छापील पाठ यांवर गुण देण्याऐवजी, मुलीनं गाण्यात आपलं गाव, आपली शाळा, नोकरीला गेलेली आपली आई घातली तर त्याला गुण द्यावेत. परीक्षकांना ‘हे मूळ गाण्यात नाही’ असं म्हणता येणार नाही. मूळ गाण्यात ती जागा रिकामीच होती.